रंगीत गावं: रंग आधी की गोष्ट आधी?

गेरू (धागाकर्ती)

जगातल्या रंगीबेरंगी गावांची यादी करायला बसलं की पहिली दहा नावं सगळ्यांची सारखीच येतात. व्हेनिसजवळचं बुरानो, मोरोक्कोतलं शेफशाउएन, आपलं जोधपूर, केप टाउनमधलं बो-काप, कॅरिबियनमधलं विलेमस्टाड, चिलीतलं वाल्पाराइसो. फोटोही त्याच कोपऱ्यांतून काढलेले. मला यादी नको आहे. हे रंग तिथे आले कसे, कोणाच्या सांगण्यावरून आले आणि दर काही वर्षांनी शिडीवर कोण चढतं, हे हवं आहे.

कारण या प्रत्येक गावाला एक गोष्ट चिकटलेली असते. बुरानोत म्हणे कोळ्यांना धुक्यात आपलं घर सापडावं म्हणून रंग दिले. विलेमस्टाडला म्हणे गव्हर्नरचं डोकं दुखायचं. बो-कापमध्ये म्हणे गुलामीतून सुटल्याचा आनंद भिंतींवर उतरला. जोधपुरात म्हणे वाळवी लागू नये म्हणून निळा. वाटाड्या सांगतो, आपण मान डोलावतो, आणि पुढच्या गल्लीतला वाटाड्या दुसरंच काही सांगतो.

माझा अंदाज असा की बहुतेक ठिकाणी रंग त्याच्या गोष्टीपेक्षा बराच तरुण आहे. ब्युनॉस आयर्समधलं ला बोका घ्या. जिनोआकडून आलेल्या कामगारांनी बंदरातून जहाजांचा उरलासुरला रंग आणून पत्र्याच्या चाळींना फासला, एका डब्यात सगळी चाळ होईना म्हणून दार एका रंगाचं नि खिडकी दुसऱ्या, अशी कथा आहे. ती खोटी नसेल. पण लोक आज फोटो काढतात ती कामिनितो गल्ली म्हणजे बंद पडलेल्या रेल्वे फाट्याची ओसाड जागा होती. त्याच वस्तीत वाढलेल्या बेनितो किनकेला मार्तिन या चित्रकारानं १९५०च्या दशकात शेजाऱ्यांना हाताशी धरून ती रंगवून घेतली आणि १९५९मध्ये ती रस्त्यावरचं संग्रहालय म्हणून खुली झाली. म्हणजे आपण पाहतो ते एका चित्रकाराचं काम आहे, आणि वाटाड्या मात्र ते शंभर वर्षांपूर्वीच्या गरिबीच्या नावावर टाकतो.

ज्यांना अशा एखाद्या गावाची खरी कुळकथा माहीत आहे त्यांनी लिहा. नुसते "वॉव, बकेट लिस्ट" नकोत.

टिवल्याबावल्या

वॉव! बकेट लिस्ट!

(रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.)

आडवाट

चांगला धागा. बुरानोपासून सुरुवात करतो, कारण ती धुक्याची गोष्ट मला कधीच पटलेली नाही.

दाट धुक्यात रंग आधी जातो, आकार नंतर. लाल घर असो की पिवळं, थोड्या अंतरावरून सगळं राखाडीच. शिवाय बुरानोतली बहुतेक घरं आतल्या कालव्यांवर आहेत. खाडीतून येणाऱ्या होडीला ती दिसणार कशी? तिथे पोचलेल्या माणसाला वाट तोंडपाठच असणार.

तिथली खरी गंमत वेगळी आहे. घराचा रंग बदलायचा असेल तर पालिकेकडे अर्ज करावा लागतो आणि त्या घराला कोणते रंग चालतील हे तिकडून कळवलं जातं. आपल्याला वाटतं गावकऱ्यांनी मनाला येईल तो डबा उघडला. प्रत्यक्षात तो कारकुनी कारभार आहे. म्हणूनच दोन शेजारी घरं सहसा एका रंगाची दिसत नाहीत आणि तरीही सगळं गाव एकमेकांत मिसळतं.

काकदृष्टी

आडवाट, धुकं इतकं सहज उडवून लावू नका. नेहमी दाट धुकंच असतं असं थोडंच आहे? विरळ धुक्यात, तेही संध्याकाळच्या, कालव्याच्या वळणावर आलेल्या माणसाला चार दारांतलं आपलं कोणतं एवढं कळलं तरी पुरे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीत आपली हद्द कुठे संपते हे दाखवायलाही रंग उपयोगी पडतो. मला हेच कारण जास्त संभवनीय वाटतं. गोष्ट खोटी असली तरी गरज खरी असू शकते.

आडवाट

हद्दीचं पटलं. धुक्याचं अजून नाही :)

बुरशी

नाव वाचून हसू नका, रंगांच्या धंद्यात बुरशी हाच आमचा मुख्य शत्रू. काय दिसतं ते इतर सांगतील, मी काय टिकतं ते सांगतो. धागाकर्तीच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे असं माझं मत.

जुन्या काळी भिंतीला रंग देणं म्हणजे बहुतेक ठिकाणी चुना, आणि चुन्यात मिसळून टिकेल असं रंगद्रव्य. चुना तीव्र अल्कधर्मी. त्यात कुठलाही रंग टाकून चालत नाही. गेरू, पिवडी, काव ही लोहयुक्त माती, ती चुन्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकते, उन्हानंही उडत नाही. म्हणून भूमध्य समुद्राच्या काठची जुनी गावं पाहा, पिवळट, गेरवट, विटकरी. तिथल्या लोकांची आवड तशी होती म्हणून नव्हे, तर पायाखाली ती माती होती म्हणून. फ्रान्सचे रंगतज्ज्ञ झां-फिलिप लॉंक्लो यांचं काम पाहा. त्यांनी गावोगाव फिरून भिंतींचे, छपरांचे, मातीचे नमुने गोळा केले आणि प्रत्येक प्रदेशाची रंगपट्टी मांडली. त्यांच्या पट्ट्या चाळल्या की दिसतं, गावाचा रंग म्हणजे बऱ्याचदा गावाचं भूगर्भशास्त्र असतं.

निळ्याची भानगड निराळी. निळी माती जवळपास कुठे मिळत नाही. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द हा दगड कुटून केलेला निळा इतका महाग की तो भिंतीला कोण लावणार? प्रशियन निळा १८व्या शतकात आला, पण तो चुन्यात टाकला की तपकिरी पडतो. कारखान्यात लाजवर्दी निळा बनवायची रीत फ्रान्समध्ये ग्विमे यांनी शोधली, त्याबद्दलचं सहा हजार फ्रँकचं बक्षीस त्यांना १८२८मध्ये मिळालं. त्यानंतर निळा स्वस्त झाला. हा निळा आम्लात मरतो, पण चुन्यात मजेत राहतो. कपड्यांना देतात ती नीळ म्हणजे मुख्यतः हाच.

तेव्हा कोणी सांगितलं की अमुक गाव १५व्या शतकापासून झगझगीत निळं आहे, तर आधी विचारा की बाबा, निळा आणला कुठून?

गेरू (धागाकर्ती)

बुरशी, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. शेफशाउएनची स्थापना १४७१ची. निळ्याची कारणं मी आजवर ऐकली ती अशी: स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी आकाशाची, म्हणजे देवाची आठवण म्हणून दिला, १९३०च्या दशकात युरोपातून पळून आलेल्या ज्यूंनी दिला, डास येऊ नयेत म्हणून दिला, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दिला, पर्यटकांना आवडतं म्हणून दिला. तुमच्या हिशेबानं पहिलं बाद झालं. गारव्याचं काय?

बुरशी

पहिलं अगदी बाद म्हणणार नाही. वनस्पतीजन्य नीळ होतीच, फिकट निळ्या भिंती असू शकतात. आजचा हा दणदणीत निळा मात्र कारखान्याचा.

गारवा निळ्यामुळे नाही, चुन्यामुळे. पांढरा चुना सर्वांत जास्त ऊन परत फेकतो. त्यात थोडी नीळ टाकली की थोडं कमी फेकतो, एवढंच. भिंत निळी केल्यानं पांढरीपेक्षा थंड होते हे पदार्थविज्ञानात बसत नाही. डोळ्यांवर तिरीप कमी येते हे खरं. बर्म्युडात ही वाटणी छान केली आहे. भिंती गुलाबी, पिवळ्या, पिस्त्या, काय हवं ते, पण छप्पर पांढरंच. दगडी पायऱ्यापायऱ्यांचं ते छप्पर चुन्यानं धुतलेलं असतं, कारण बेटावर नदी नाही आणि छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत जाऊन तेच प्यायचं असतं. तिथे रंगाचं कारण विचारा, लगेच पटेल असं मिळतं.

जोधपूरचं वाळवीचं कारण: चुन्यात मोरचूद मिसळत असतील तर वाळवी कमी होईल, मोरचूद विषारीच आहे. पण मग श्रेय निळ्या रंगाचं नाही, मोरचुदाचं.

टिवल्याबावल्या

डासांचं कारण बाद झालं की नाही ते स्पष्ट लिहा. मी भिंत निळी करायच्या तयारीत बसलोय.

बुरशी

मच्छरदाणी घ्या.

चौकट

वास्तुरचनाकार या नात्यानं थोडं. "गावकऱ्यांची उत्स्फूर्त अभिव्यक्ती" हे शब्द माहितीपत्रकात दिसले की मी हुकूम शोधायला लागतो. बहुतेक वेळा सापडतो.

विलेमस्टाड. कुरासाओ बेटावर १८१७मध्ये गव्हर्नर आल्बर्ट किकर्ट यानं दर्शनी भिंती पांढऱ्या ठेवायला बंदी केली. कारण दिलं की पांढऱ्यावरून परावर्तित होणारं ऊन डोळ्यांना बाधतं. पुढे लोकांनी जोड दिली की गव्हर्नरसाहेबांचा रंगाच्या धंद्यात वाटा होता आणि ते त्यांच्या मरणानंतर उघड झालं. ही जोड म्हणजे दंतकथाच, पण हुकमाची कथा पक्की आहे. आज तेच शहर १९९७पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्या पिवळ्या-निळ्या-लाल दर्शनी भिंतींसकट. डच धाटणीची त्रिकोणी शिखरं आणि कॅरिबियन रंग असं ते मिश्रण मला स्वतःला फार आवडतं.

जयपूर. शहर १७२७चं, गुलाबी मात्र १८७६चं. प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी महाराजा रामसिंह दुसरे यांनी रंगवून घेतलं. दीडशे वर्षं नीट सांभाळलं, म्हणून ती परंपरा झाली.

मेक्सिकोच्या युकातानमधलं इसामाल, सगळं पिवळं. १९९३मध्ये पोप जॉन पॉल दुसरे येणार होते तेव्हा गाव एका रंगात न्हाऊन निघालं असं सांगतात. पाहुणा येणार म्हणून घर रंगवणं ही माणसाची जुनीच खोड, फक्त इथे घराऐवजी गाव.

उलट बाजूनेही पाहा. ग्रीक बेटांचा तो पांढरा-निळा तरी कुठे अनादी आहे? १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, मेटाक्सासच्या हुकूमशाहीत, घरांना चुना मारायची सक्ती झाली. कॉलऱ्याची भीती होती आणि चुना जंतुनाशक. त्याआधी तिथे मातकट, गेरवट घरंही होती. दारं-खिडक्यांना जो निळा गेला त्यात बुरशींची कपड्यांची नीळही होती. म्हणजे पोस्टकार्डावरचं ते शुभ्र गाव हे एका आरोग्य खात्याचं परिपत्रक आहे.

अनामिका१२

वाचतेय. सगळ्यांचे प्रतिसाद माहितीपूर्ण. पण अजून एक गोष्ट कोणी बोललं नाही. गव्हर्नर, महाराजा, चित्रकार, पोप, हुकूमशहा. बायका कुठे आहेत? धागाकर्तीनं शिडीवर कोण चढतं असं विचारलं होतं ना?

बुर्किना फासोमधलं तिएबेले. कासेना लोकांचं गाव. मातीची घरं पुरुष बांधतात, रंगवतात मात्र बायकाच. रंग तीनच: लाल मुरुमाचा, पांढरा चिकणमातीचा, काळा दगड कुटून केलेला. म्हाताऱ्या बायका रचना ठरवतात, तरुण मुली हाताखाली शिकतात. भिंत आधी लिंपून घोटायची, आकृत्या काढायच्या, दगडानं घासून गुळगुळीत करायच्या आणि शेवटी नेरे झाडाच्या शेंगा उकळून काढलेल्या अर्काचा हात द्यायचा. तो अर्क म्हणजे वॉर्निशच, पावसापासून रंग धरून ठेवतो. आकृत्यांत कासव, साप, सरडा, जाळीचे त्रिकोण, प्रत्येकाला अर्थ. २०२४मध्ये तिथला राजवाडा-परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले बायका. १९व्या शतकाच्या शेवटी बोअरांनी (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी) त्यांचं राज्य मोडलं, जमीन घेतली, माणसं शेतांवर वेठीला लावली. त्यानंतर भिंतींवरची ही चित्रं फोफावली. आधी बोटांनी मातीचे रंग, नंतर दुकानातले, आणि मग ते काळ्या रेघेत बांधलेले चौकोन-त्रिकोण अंगावर येण्याइतके ठळक झाले. एस्थर माहलांगू आई-आजीकडून हे शिकल्या. १९९१मध्ये त्यांनी बीएमडब्ल्यूची गाडी रंगवली. पट्टी न लावता सरळ रेघ ओढतात, कोंबडीचं पीस वापरतात. त्यांचं काम मोठ्या संग्रहालयांत आहे, आणि तरी अशा भिंतीला लोक अजून "लोककला" म्हणून मोकळे होतात.

पोलंडमधलं झालिपिए तर मला सगळ्यांत जवळचं वाटतं. धुराडं नसलेल्या चुली, भिंतींवर काजळी. बायकांनी काजळीच्या डागांवर चुन्याचे ठिपके मारायला सुरुवात केली, ठिपक्यांची फुलं झाली. पुढे चुली सुधारल्या, धूर गेला, फुलं राहिली आणि घराबाहेर पडली: विहिरीवर, कुत्र्याच्या घरावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर. १९४८पासून तिथे सर्वांत सुंदर रंगवलेल्या घराची स्पर्धा होते. फेलिट्‌सिया त्सुरिवोवा या बाईंनी हे सगळं नेटानं पुढे नेलं, १९७४मध्ये त्या गेल्यावर त्यांचं घर संग्रहालय झालं.

या तिन्ही ठिकाणी वरून हुकूम नव्हता. चौकट, तुमच्या नियमाला हे अपवाद म्हणायचे का?

चौकट

अपवाद नाही, वेगळी जात म्हणेन. मी शहरांबद्दल बोलत होतो. जिथे भिंत आणि ती रंगवणारा हात एकाच घरातले, तिथे हुकूम लागत नाही. शहरात दर्शनी भिंत माझी असली तरी दिसते सगळ्यांना, म्हणून भांडण होतं आणि भांडणातून नियम येतो. पण सासू, जावा आणि शेजारणी काय म्हणतील हा तिथलाही हुकूमच असावा, फक्त त्याची राजपत्रात नोंद नाही :)

झालिपिएच्या काजळीबद्दल माहीत नव्हतं. आभार.

आडवाट

अनामिका, +१. मस्त प्रतिसाद.

हुकमाचाच विषय निघाला आहे तर अल्बानियाची राजधानी तिराना आठवली. एदी रामा मूळचे चित्रकार, २०००मध्ये महापौर झाले. साम्यवादी काळातल्या करड्या, रया गेलेल्या इमारती आणि तिजोरी रिकामी. त्यांनी पहिली इमारत भडक नारिंगी रंगवायला घेतली. रस्त्यावर वाहतूक थांबली, लोक बघायला जमले. निधी देणाऱ्या युरोपीय संघाचा एक फ्रेंच अधिकारी धावत आला, म्हणाला हे रंग युरोपीय निकषांत बसत नाहीत, काम थांबवा. रामांनी पत्रकार बोलवायची धमकी दिली आणि काम चालू राहिलं. ते स्वतः सांगतात की नंतर लोकांना विचारलं तेव्हा ६३ टक्के म्हणाले आवडलं, ३७ टक्के म्हणाले नाही. पण हे पुढे चालू ठेवायचं का असं विचारल्यावर, न आवडलेल्यांपैकीही निम्मे म्हणाले, ठेवा.

हा निम्मा गट मला फार आवडतो.

काकदृष्टी

गोष्ट झकास आहे, सांगणारा राजकारणी आहे हे लक्षात ठेवून ऐकावी. पुढे ते पंतप्रधान झाले.

मला या सगळ्या "रंगानं वस्ती बदलली" प्रकारावरच आक्षेप आहे. रिओच्या सांता मार्ता फावेलात (म्हणजे झोपडपट्टीत) हास आणि हान या दोघा डच कलाकारांनी २०१०मध्ये चौकाभोवतीची ३४ घरं रंगवली. फोटो जगभर गेले. मेक्सिकोत पाचूका शहरातल्या लास पाल्मितास वस्तीवर २०१५मध्ये २०९ घरांवर मिळून एकच अवाढव्य चित्र काढलं. दुरून बघताना सुंदरच. पण गटार तुंबलेलं असताना वरून इंद्रधनुष्य कशाला? ज्यांना दुरून बघायचं त्यांच्यासाठीच ना? घरात राहणाऱ्याला स्वतःच्या घराची बाहेरची भिंत दिसतच नाही, समोरच्याची दिसते.

चौकट

काकदृष्टी, गटार आणि रंग यांत निवड करायची वेळ खरंच येते का? रंगाचा खर्च गटाराच्या मानानं इतका किरकोळ असतो की रंग रद्द करून गटार होत नाही. रिओत वस्तीतल्याच तरुणांना रंगकाम शिकवून मजुरी देऊन हे केलं होतं.

आणि कधी कधी रंगानं वस्ती अक्षरशः वाचते. इंडोनेशियातल्या मालांग शहरात नदीकाठची जोदिपान वस्ती हटवण्याच्या बेतात होती. तिथल्या विद्यापीठाच्या आठ विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून २०१६मध्ये ती रंगवायचा घाट घातला, एका रंग कंपनीकडून रंग मिळवला. लोक बघायला यायला लागले आणि वस्ती राहिली. तैवानमध्ये ताइचुंगला तसंच. निवृत्त सैनिकांची वसाहत पाडायची ठरली होती, जवळपास सगळे निघून गेले होते. हुआंग युंग-फू या म्हाताऱ्या सैनिकानं आपल्या घरात एक पक्षी रंगवला आणि मग थांबलाच नाही. जवळच्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, उरलेली घरं वाचली. २०२४च्या जानेवारीत, शंभरीच्या सुमारास, ते गेले.

बुलडोझरला भिंत पाडता येते, पण ती भिंत लोकांनी फोटोत पाहिलेली असली की पाडणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

काकदृष्टी

मान्य, वाचते. पण वाचल्यावर कोणाची राहते? सोलमधलं इह्वा. २००६मध्ये सरकारी उपक्रमात भित्तिचित्रं, पायऱ्यांवर मासे, फुलं. पर्यटकांचा लोंढा, रात्री-अपरात्री गोंगाट, खिडक्यांत डोकावणं. २०१६मध्ये रहिवाशांनीच त्या पायऱ्यांवर राखाडी रंग फासला. पॅरिसमधल्या क्रेम्यू गल्लीत लोकांच्या दारात नाच आणि योगासनं सुरू झाली. २०१९मध्ये तिथल्यांनी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गल्ली बंद करा म्हणून मागणी केली.

आणि बो-काप. धाग्याच्या सुरुवातीला तो गुलामीचा आनंद आला आहे. डचांनी आग्नेय आशियातून, भारतातून, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांची ही वस्ती. दक्षिण आफ्रिकेतली सर्वांत जुनी मशीद तिथेच आहे, १७९४ची. गुलामी १८३४मध्ये संपली, पण जुन्या फोटोंत भिंती बहुतेक फिक्याच दिसतात. हे दणदणीत रंग वर्णद्वेषी राजवट संपत आली त्या सुमाराचे. आता रंगांमुळे वस्ती प्रसिद्ध, प्रसिद्धीमुळे जागांचे भाव आकाशाला, भावामुळे कर वाढले आणि मूळ कुटुंबांना राहणं जड. रहिवासी रस्त्यावर उतरले, २०१९मध्ये केप टाउन महापालिकेनं वारसा संरक्षणाचं क्षेत्र जाहीर केलं. भिंती वाचतील. माणसं वाचतील की नाही ते त्या कायद्यात लिहिलेलं नाही.

गेरू (धागाकर्ती)

काकदृष्टी, बो-कापचं हेच मला म्हणायचं होतं, गोष्टीपेक्षा रंग तरुण. पण त्यामुळे तो रंग मला कमी खरा वाटत नाही. १८३४ऐवजी १९९०च्या आसपास एखाद्या माणसानं आपलं दार जांभळं केलं असेल, तर त्याचं कारण त्याच्यापाशी आहेच. वाटाड्याला दीडशे वर्षं मागे का जावं लागतं, हा माझा प्रश्न. अलीकडचा आनंद विकला जात नाही का?

सांता मार्ता वगैरे पुढे घेऊ. आधी थंडीकडची गावं राहिली आहेत. कोणाला माहीत आहे का?

बुरशी

थंडीकडचं माझ्या आवडीचं. स्वीडनमधली लाल लाकडी घरं. फालुनची तांब्याची खाण हजारेक वर्षं चालली, १९९२मध्ये बंद पडली. खाणीच्या टाकाऊ मातीत लोह, ती भाजून लाल रंगद्रव्य होतं. त्यात पाणी, राय नावाच्या धान्याचं पीठ, हिराकस आणि जवसाचं तेल घालून शिजवायचं. अक्षरशः खळ. आधी श्रीमंतांनी लावला, विटांची महागडी इमारत वाटावी म्हणून, मग शेतकऱ्यांच्या घरांना, गोठ्यांना गेला. या रंगाची खुबी अशी की त्याचे पोपडे सुटत नाहीत, तो हळूहळू भुकटी होऊन झडतो. नवा हात मारताना खरवडत बसावं लागत नाही आणि आतलं लाकूड श्वास घेतं. खाण बंद झाली तरी रंग अजून बनतो.

याच्या अगदी उलट चूक जुन्या चुन्याच्या भिंतींवर सर्रास करतात. वर प्लॅस्टिकचा रंग मारला की ओल आत कोंडते, भिंतीला लोणा लागतो, रंगाचे फुगे येतात. खाऱ्या पाण्यातल्या गावात तर जोत्यापासून वर माणसाच्या उंचीपर्यंत हाच तमाशा. बुरानोचे फोटो नीट मोठे करून खालचा भाग बघा.

चौकट

ग्रीनलंड: लाकडी घरांचे सुटे भाग जहाजानं यायचे आणि पूर्वी रंगावरून इमारत ओळखायची पद्धत होती. व्यापारी कोठी लाल, दवाखाना पिवळा, मासळीचा कारखाना निळा, दूरसंचार हिरवा. बर्फात पाटी वाचत बसायला नको. आता ही शिस्त राहिलेली नाही, कोणीही काहीही लावतो.

उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयिअरब्येन याहून मजेशीर. तिथली रंगयोजना ग्रेटे स्मेडाल या नॉर्वेजियन रंगतज्ज्ञ बाईंनी १९८१पासून आखली. महिनोन्‌महिने सूर्य नाही, मग महिनोन्‌महिने मावळत नाही, अशा ठिकाणी एकेका घराचा रंग सुटा न ठरवता अख्ख्या वसाहतीचा ठरवला. अनामिका, वरच्या हुकमांच्या यादीत ही एक बाई घ्या.

अनामिका१२

घेतली. अमेरिकेतल्या चार्ल्स्टनची डोरोथी लेग पण घ्या मग. रेनबो रो म्हणून जी तेरा घरांची ओळ प्रसिद्ध आहे, ती मोडकळीला आली होती. या बाईंनी १९३१मध्ये तिथली घरं विकत घेऊन गुलाबी रंगवली, त्यानंतर शेजारी एकेक करून लागले.

टिवल्याबावल्या

आता माझा सविस्तर प्रतिसाद. स्पेनमधलं हुस्कार. अंदालुसियातलं शंभर गावांसारखं पांढरं गाव, वस्ती दोनेकशेची. २०११मध्ये स्मर्फ या निळ्या बुटक्यांच्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी कंपनीनं अख्खं गाव निळं केलं, चर्च आणि कबरस्तान धरून, आणि नंतर पुन्हा पांढरं करून देण्याचं कबूल केलं. डिसेंबरात गावानं मतदान घेतलं: राहू दे निळं. पर्यटक येत होते ना. मग २०१७मध्ये हक्कांवरून वाजलं आणि स्मर्फांचं नाव वापरायची परवानगी गेली. बुटके गेले, निळा राहिला.

तर धागाकर्ती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: इथे गोष्ट आधी, रंग नंतर, आणि गोष्ट वकिलांनी काढून घेतली. दोनशे वर्षांनी तिथला वाटाड्या काय सांगेल बोला. मी सांगतो: डासांसाठी.

गेरू (धागाकर्ती)

=)) हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद, आणि तुम्ही रात्रीऐवजी तिसऱ्या दिवशी टाकलात.

वाल्पाराइसोबद्दल कोणीच लिहिलं नाही. पत्रा आणि जहाजाचा रंग ही तीच ला बोकाची कथा आहे, पण तिथे खाऱ्या वाऱ्यात पत्रा गंजू नये म्हणून रंग ही गरजच होती, म्हणून ती मला जास्त पटते. बुरशी, गंजाच्या बाजूनं थोडं लिहाल का? आणि चौकट, कोलंबियातल्या ग्वातापेच्या जोत्यांवरच्या उठाव-चित्रांवर तुम्ही वेगळा धागाच काढा. इथे ते चार ओळींत उरकू नका.

बुरशी

पत्र्याचं लिहितो, शनिवारी. तोवर कोणाकडे वाल्पाराइसोच्या घरांचे जवळून काढलेले फोटो असतील तर टाका. दुरून टेकडीचे नकोत, खिळ्याच्या भोवतीचा पत्रा दिसेल असे हवेत. गंज तिथूनच सुरू होतो.